चाक आणि कमान यांमधली चार बोटं

बोरिवली असो वा मुलुंड, रविवारी सकाळी सोसायटीच्या आवारात गाडी धुणाऱ्या तरुणांकडे पाहिलं तर एक हालचाल हमखास दिसते. चाकाच्या माथ्यावर आणि वरच्या पत्र्याच्या कमानीखाली, म्हणजे फेंडरच्या कडेखाली, हात आडवा सरकवून ते अंतर मोजतात. ‘चार बोटं गॅप आहे’, असं तक्रारीच्या सुरात सांगितलं जातं. कंपनीने गाडी उंच ठेवली, चाकं बारकी दिली, त्यामुळे ती आखूड विजार घातल्यासारखी दिसते, असा त्यामागचा सौंदर्यविचार. मग गाडी ‘खाली करायची’, रुंद मॅगव्हील बसवायची, चाक कमानीच्या कडेशी बरोबर आणायचं. या छंदाला जगभर ‘स्टान्स’ म्हणतात. ऑस्ट्रियात व्होर्थर तलावाच्या काठी १९८२ पासून फोक्सवॅगन जीटीआयवाल्यांचा मेळा भरू लागला. जपान आणि अमेरिकेतही या छंदाचे पंथ-उपपंथ आहेत.

त्याला उथळ म्हणून बाजूला सारणं सोपं आहे. मला तसं वाटत नाही. आठ-दहा मिलिमीटरच्या फरकाने डोळ्याला वस्तू बरी किंवा वाईट वाटते, हे सुताराला आणि अक्षररचनाकारालाही ठाऊक असतं. प्रश्न वेगळा आहे. ती चार बोटं रिकामी दिसतात, पण ती चाकाच्या कामाची जागा आहे. खड्ड्यावरून जाताना चाक त्या जागेत वर येतं, वळताना तिरकं होतं, चार माणसं बसली की कमानच खाली येते. ही जागा किती कमी करता येईल, कोणत्या बाजूने आणि कशाच्या बदल्यात, हा साध्या अंकगणिताचा विषय आहे. आणि ते अंकगणित अंधेरी-घाटकोपरच्या रस्त्यांवर युरोपातल्यापेक्षा निराळं सुटतं.

चाकाची निवड ही या उपनगरांना जुनी परकी गोष्ट. १९४४ साली स्थापन झालेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखाना कुर्ल्याला होता आणि तिथून निघालेली फियाट, म्हणजे पुढची पद्मिनी, ५.२० गुणिले १४ या मापाच्या टायरवर धावायची. ५.२० इंच म्हणजे १३२ मिलिमीटर. आजच्या स्विफ्टच्या वरच्या श्रेणीचा टायर १८५ मिलिमीटरचा असतो. तुरिनच्या सीएट कंपनीची भारतीय शाखा १९५८ साली मुंबईत उभी राहिली आणि तिचे टायर भांडुपला बनू लागले. गाडी कुर्ल्याची, टायर भांडुपचा, मधे फक्त घाटकोपर आणि विक्रोळी. पण माप एकच, त्यामुळे प्रश्नच नव्हता. १९८३ला आलेल्या मारुतीची चाकं तर १२ इंची होती. निवडीची हौस खऱ्या अर्थाने सुरू झाली ती २००५च्या मे महिन्यात स्विफ्ट आली तेव्हा. रुंद खांदे, चाकं चार कोपऱ्यांत ढकललेली. ही गाडी पाहताक्षणी खाली करावीशी वाटणारी होती. म्हणून पुढची उदाहरणं तिचीच घेतो.

खरेदीला जायचं ठिकाणही ठरलेलं: कुर्ल्याचा सीएसटी रोड. (या नावाचा बोरीबंदरशी काही संबंध नाही. १९२८ ते १९३४ या काळात अंधेरी आणि ट्रॉम्बे यांना जोडणारी सेंट्रल सालसेट ट्रामवे नावाची रेल्वे होती, तिची ही आद्याक्षरं.) तिथे दुकानाच्या छतापर्यंत रचलेल्या मॅगव्हीलमधून गिऱ्हाईक नक्षी निवडतं. नक्षी शेवटी निवडायची असते, पण हे त्याला कोण सांगणार?

आधी टायरच्या कुशीवरचे आकडे वाचू. १८५/६५ आर १५, पुढे ८८. टायर १८५ मिलिमीटर रुंद. रिमपासून रस्त्यापर्यंतची त्याची कूस रुंदीच्या ६५ टक्के, म्हणजे १२० मिलिमीटर. आर म्हणजे रेडियल. रिम १५ इंच व्यासाची. ८८ हा भारांक. तो सांगतो की एक टायर ५६० किलो पेलतो. चाकाचा एकूण व्यास काढायचा तर १५ इंचांचे ३८१ मिलिमीटर अधिक दोन्हीकडची कूस, मिळून सुमारे ६२१.

आता तरुणाला १७ इंची रिम हवी आहे. तिच्यावर २०५/४५चा टायर चढवला तर एकूण व्यास ६१६ भरतो. म्हणजे रिम दोन इंचांनी मोठी होऊनही चाक उलट पाच मिलिमीटरने लहान झालं, कारण वाढलेली सगळी जागा टायरच्या कुशीतून कापली गेली. हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याचा विश्वास बसत नाही. मोठं चाक घेतलं की कमान भरेल, या आशेने तीस-चाळीस हजार खर्च होतात आणि चार बोटं तशीच राहतात. मग गाडी खाली करण्याचा विचार येतो. तेव्हा चाक आणि उंची हे दोन वेगळे निर्णय नाहीत. एक घेतला की दुसरा मागून येतोच.

एकूण व्यास मूळच्या दोन-तीन टक्क्यांच्या आत राहावा, हा जुना नियम चांगला आहे. १९५/५५ आर १६चा व्यास मूळ मापाशी जवळजवळ तंतोतंत जुळतो. २०५/४५ आर १६ मात्र ५९१वर येतो, जवळपास पाच टक्के कमी. स्पीडोमीटर ८० दाखवेल तेव्हा मूळच्या हिशेबात खरा वेग ७६ असेल, आणि गाडीचं पोट आणखी १५ मिलिमीटर रस्त्याजवळ जाईल. शिवाय या मापाच्या साध्या टायरचा भारांक ८३, म्हणजे ४८७ किलो. भारांक मूळच्यापेक्षा खाली उतरवू नये. दुकानात हा आकडा क्वचितच कुणी विचारतं.

खरा गोंधळ होतो तो रिमची रुंदी आणि ऑफसेट यांत. रुंदी इंचांत लिहितात: साडेपाच जे, सात जे. टायर जिथे रिमवर बसतो त्या दोन कडांमधलं हे अंतर. ‘जे’ हा कडेच्या आकाराचा शिक्का. ऑफसेट मात्र दिसत नाही. रिमला रुंदीच्या बरोबर मधोमध उभं कापलं अशी कल्पना करा. नट आवळल्यावर रिमचं जे तोंड हबला चिकटतं ते त्या मध्यरेषेवर असेल तर ऑफसेट शून्य. ते मध्यापासून बाहेर, रस्त्यावरच्या माणसाला दिसणाऱ्या बाजूकडे सरकलेलं असेल तर ऑफसेट धन. धन ऑफसेट जितका जास्त तितकं चाक गाडीच्या आत जातं. रिमच्या पाठीवर ‘ईटी ४५’ असं कोरलेलं असतं. ईटी हे एका लांबलचक जर्मन शब्दाचं लघुरूप आणि ४५ हे मिलिमीटर.

उदाहरणासाठी मूळ रिम साडेपाच इंच, ईटी ४५ धरू. साडेपाच इंच म्हणजे १३९.७ मिलिमीटर, त्याचा निम्मा ६९.८. हबच्या तोंडापासून बाहेर रिम जाते ६९.८ वजा ४५, म्हणजे २५ मिलिमीटर. आत जाते ६९.८ अधिक ४५, म्हणजे ११५. आता दुकानात पसंत पडलेली सात इंची, ईटी ३५ घ्या. निम्मी रुंदी ८८.९. बाहेर ५४, आत १२४. म्हणजे चाक आत ९ आणि बाहेर तब्बल २९ मिलिमीटर वाढलं. ‘दीड इंचच तर जास्त आहे’, असं म्हणून घेतलेल्या रिमने एका बाजूला बोटभराहून जास्त जागा खाल्ली. तेच सहा इंची, ईटी ४२ घेतली तर बाहेर ९ आणि आत ३. डोळ्याला फरक कळतो, पत्र्याला कळत नाही. हा हिशेब पोस्टकार्डाच्या पाठीवर मावतो आणि तो न करता रिम विकत घेणं म्हणजे पायाचं माप न देता चप्पल मागवणं.

बाहेरची वाढ फेंडरच्या कडेला भिडते, ती गाडी दबल्यावर. आतली वाढ भिडते शॉकअपला आणि स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर आतल्या प्लास्टिकच्या अस्तराला. पण घासण्यापेक्षा गंभीर गोष्ट ऐकू येत नाही. पुढचं चाक वळतं ते एका तिरक्या अदृश्य अक्षाभोवती, शॉकअपच्या माथ्यापासून खालच्या बॉलजॉइंटपर्यंत जाणाऱ्या. हा अक्ष जमिनीला जिथे टेकतो आणि टायरचा मध्य जिथे टेकतो, त्यांतलं अंतर गाडी घडवणारे फार विचाराने ठरवतात. पुढच्या चाकांनी ओढल्या जाणाऱ्या बहुतेक छोट्या गाड्यांत ते शून्याच्या आसपास किंवा किंचित ऋण ठेवलेलं असतं, म्हणजे एक चाक पाण्यात किंवा खडीवर गेलं तरी ब्रेक मारताना स्टिअरिंग हातातून ओढलं जात नाही. ऑफसेट दहा मिलिमीटरने कमी केला की टायरचा मध्य दहा मिलिमीटर बाहेर सरकतो. २५ मिलिमीटरचा स्पेसर घातला तर २५. पावसाळ्यात अंधेरी सबवेच्या अलीकडे रस्त्याच्या डाव्या कडेला पाणी साचलेलं असतं, डावं चाक त्यात शिरतं आणि गाडी एकदम डावीकडे झुकते, तेव्हा चालक पाण्याला दोष देतो. बेअरिंगवरचा वाढलेला भार तर वर्षभराने गुणगुणायला लागतो.

रिम हबवर बसण्याचीही एक गोष्ट आहे. स्विफ्टला चार नट, त्यांचं वर्तुळ १०० मिलिमीटरचं. होंडा सिटीलाही तेच. म्हणून सिटीच्या वापरलेल्या रिमा स्विफ्टला सर्रास बसवल्या जातात. पण स्विफ्टच्या हबचा मधला उंचवटा ५४.१ मिलिमीटरचा आणि सिटीच्या रिमचं भोक ५६.१. ही दोन मिलिमीटरची ढील प्लास्टिकच्या किंवा अॅल्युमिनियमच्या कड्याने भरावी लागते, नाहीतर हमरस्त्यावर स्टिअरिंग थरथरतं आणि बॅलन्सिंगवाला तीनदा वजनं बदलूनही हात टेकतो. दुसरी बाब नटांची. होंडाच्या मूळ रिममध्ये नटाची बैठक गोलाकार, वाटीसारखी. मारुतीचा नट शंकूसारखा. शंकू वाटीत बसवला तर दोघांचा स्पर्श एका बारीक रेघेवर होतो. पान्याला घट्ट लागतं, पण तो नट विश्वासाचा नाही. स्वस्तात मिळालेल्या रिमांवर दीड-दोन हजारांचे योग्य नट घेण्यात काटकसर करू नये.

आता गाडी खाली करण्याकडे येऊ, कारण सगळ्यात मोठी किंमत इथेच मोजली जाते. गल्लीतला सोपा मार्ग म्हणजे स्प्रिंग कापणे. सहा कामाच्या वेटोळ्यांतलं एक कापलं तर स्प्रिंग पाचास सहा या प्रमाणात, म्हणजे वीस टक्के कडक होते. पण तिचा वरखाली व्हायचा प्रवास त्याहून कितीतरी जास्त कमी झालेला असतो. चाकाला वर यायला आधी ८० मिलिमीटर होते आणि आता ४० उरले असं धरलं, तर तोच धक्का निम्म्या अंतरात जिरवायला साध्या हिशेबाने चौपट कडक स्प्रिंग लागेल. वीस टक्क्यांनी भागणार नाही. उरलेला धक्का शॉकअपमधल्या रबरी ठोकळ्यावर जातो, तिथून पत्र्यावर आणि मागच्या सीटवरच्या आजीच्या मणक्यावर. शिवाय जॅकवर गाडी उचलली की कापलेली स्प्रिंग बैठकीतून सैल होते. तयार आखूड स्प्रिंगा आणि त्यांना साजेसे शॉकअप, किंवा ऐपत असेल तर कॉइलओव्हर, एवढेच दोन मार्ग मला मान्य करावेसे वाटतात. आणि काहीही केलं तरी नंतर व्हील अलाइनमेंट हवीच; गाडी खाली येताच चाकं वरून आत कलतात, त्यांचे अंगठे आत-बाहेर फिरतात, आणि नवे टायर आतल्या कडेने झिजून कधी तारा दिसू लागल्या हे बाहेरून कळत नाही. कायद्याने टायरची नक्षी किमान १.६ मिलिमीटर खोल हवी. ती आतल्या कडेला मोजावी.

किती खाली करायची, याचं उत्तर गतिरोधक देतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या प्रमाणानुसार गतिरोधक ३.७ मीटर लांबीचा, १० सेंटिमीटर उंच आणि १७ मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा तुकडा असावा. २०१८च्या स्विफ्टच्या पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर २.४५ मीटर. म्हणजे असा गतिरोधक ओलांडताना एक क्षण चारही चाकं त्याच्यावरच असतात. भूमितीने पाहिलं तर त्या क्षणी गाडीच्या पोटाखाली रस्ता फक्त ४४ मिलिमीटर वर आलेला असतो, १०० नव्हे. या गाडीचं पोट रिकामी असताना १६३ मिलिमीटरवर आहे. चाळीसने खाली केली, १२३. चार माणसं बसली की साधारण आणखी तीस, राहिले ९३. प्रमाणातला गतिरोधक तरीही पाच सेंटिमीटर राखून पार होतो.

पण आपल्या आवाराच्या फाटकाशी, शाळेच्या दारात, गल्लीच्या तोंडाशी कोणी रातोरात डांबर ओतून केलेला उंचवटा फूट-दीड फूट रुंद असतो. तो दोन चाकांच्या मधोमध येतो तेव्हा त्याची उंची पूर्णच्या पूर्ण पोटाखाली असते. तो १० सेंटिमीटरचा असेल तर ९३ मधून १०० जात नाहीत. तेवढीच उंची, पण आकार बदलला आणि गाडी घासली. खाली केलेल्या गाड्या गतिरोधकावर तिरप्या जातात त्याचं कारण हे. एकेक चाक चढवलं की पोट एका कोपऱ्याने तरी उचललेलं राहतं. मागच्या रिक्षावाल्याला तो नखरा वाटतो.

म्हणून माझं मत असं, की या उपनगरांत रोज वापरायची, घरचे चौघे बसणारी गाडी पंचवीस-तीस मिलिमीटरच्या पलीकडे खाली करू नये. एकट्याने रविवारी पहाटे काढायची असेल तर गोष्ट निराळी. तरीही पार्किंगचा उतार आधी मोजावा. पुनर्विकास झालेल्या इमारतींच्या तळघरात उतरणारे रॅम्प इतके उभे असतात की पुढचा बंपर खाली टेकतो, आणि यांत्रिक पार्किंगच्या लोखंडी पाटावर कडेच्या पट्ट्या बाहेर आलेल्या रिमला आनंदाने खरवडतात.

पावसाळ्यातल्या खड्ड्याचं गणित थोडक्यात सांगतो. १२० मिलिमीटरच्या कुशीत खड्ड्याची कड मुरते. ९२च्या कुशीत ती रिमपर्यंत पोचते. कूस चिमटली की आतले धागे तुटतात आणि दोन दिवसांनी टायरला फुगा दिसतो. फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही, पंक्चरवाल्याने कितीही धीर दिला तरी. रुंद रिमवर मुद्दाम अरुंद टायर ताणून बसवण्याची एक फॅशन आहे. तिच्यात टायरची कड रिमच्या बैठकीवरून निसटण्याची शक्यता वाढते. १९५/५५ आर १६च्या टायरला साडेपाच ते सात इंचांची रिम चालते आणि सहा इंच हे त्याचं मोजमापाचं माप. त्या मर्यादेत राहावं. १८५/६५ आर १५ला पाच ते साडेसहा. मला विचाराल तर जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडसारख्या रस्त्यावर बारा महिने फिरणाऱ्या स्विफ्टला १६ इंच ही वरची सीमा आहे. १७ इंची रिम तिच्यावर सुंदर दिसते, हे मी नाकारत नाही.

कायद्याची बाजूही आहे आणि ती हौशी मंडळींत दबक्या आवाजात बोलली जाते. मोटार वाहन कायदा, १९८८च्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकाने ठरवलेल्या आणि नोंदणीपत्रात उतरलेल्या तपशिलांशी विसंगत बदल मालकाला करता येत नाही. केरळमधल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ रोजी हे कलम काटेकोरपणे वाचावं असा निर्णय दिला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ मध्ये बेकायदा बदलाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही आहेत. अपघातानंतर विम्याचा सर्वेक्षक गाडीभोवती फिरतो तेव्हा कापलेली स्प्रिंग त्यालाही दिसते. म्हणून त्याच मॉडेलच्या वरच्या श्रेणीत कंपनीनेच दिलेलं टायरचं माप निवडणं, ही सगळ्यांत सुरक्षित वाट.

रिम घेण्याआधी जागा मोजायची एक पद्धत मात्र फुकट आहे. मुलांच्या खेळण्यातल्या मातीच्या, नाहीतर गणपतीच्या उरलेल्या शाडूच्या बोटभर जाडीच्या गोळ्या करायच्या. चाक काढून त्या फेंडरच्या आतल्या कडेला, अस्तराच्या पुढच्या-मागच्या कोपऱ्यात आणि शॉकअपच्या बाजूला चिकटवायच्या. चाक बसवायचं, घरचे चौघे गाडीत बसवायचे, डिकीत दोन पाण्याचे कॅन ठेवायचे, आणि मोकळ्या वेळी, रस्ता रिकामा पाहून, ओळखीच्या गतिरोधकावरून हळू, मग नेहमीच्या वेगाने जायचं. परत येताना एकदा उजवीकडे आणि एकदा डावीकडे स्टिअरिंग शेवटापर्यंत वळवून गाडी पुढेमागे करायची. मग चाक काढून पाहायचं. गोळी जिथे चेपली असेल तिथे मूळच्या चाकालाच बोटभर जागा नाही. जिथे शाबूत असेल तिथे टायर आणि माती यांतलं उरलेलं अंतर पट्टीने मोजायचं, त्यात गोळीची जाडी मिळवायची, आणि तो आकडा कागदावर लिहून सीएसटी रोडला न्यायचा. पोस्टकार्डावरच्या हिशेबातले बाहेरचे ९ आणि आतले ३ मिलिमीटर त्या आकड्यात बसतात का, एवढं पाहायचं, नक्षी त्यानंतर.